किती ठेवायचे, कधी पुसायचे? कार्यालयीन डेटाच्या जतनाचा आढावा

कर्मचारी नोकरी सोडतो. एचआरकडून आयटी ॲडमिनला दोन ओळींचा मेल येतो : आज संध्याकाळी सहानंतर खाते बंद करावे. ॲडमिन खाते बंद करतो आणि पुढच्या महिन्याचे पैसे वाचावेत म्हणून लायसन्सही काढून घेतो. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आधी वेगळी सोय करून ठेवलेली नसेल, तर अशा मेलबॉक्समधला मजकूर 30 दिवसांनंतर हाती लागत नाही. गूगल वर्कस्पेसमध्ये खातेच डिलीट केले असेल, तर ते परत आणायची मुदत 20 दिवसांची. सहा-आठ महिन्यांनी ग्राहकाशी दरावरून वाद होतो, वकिलाची नोटीस येते आणि दर ठरल्याचा मेल नेमका त्याच मेलबॉक्समध्ये होता, हे कळते.

याच्या उलटही घडते. काहीही पुसायचे नाही, असे एखाद्या कंपनीचे अलिखित धोरण असते. दहा वर्षांपूर्वी मुलाखतीला येऊन गेलेल्यांचे अर्ज, आधारच्या प्रती, कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिले, सगळे एका शेअर्ड ड्राइव्हवर पडून असते. मग रॅन्समवेअरचा हल्ला होतो आणि त्या कंपनीशी वर्षानुवर्षे काहीही संबंध न उरलेल्या माणसांची माहिती बाहेर जाते.

कार्यालयीन डेटाच्या जतनाचा प्रश्न या दोन टोकांमध्ये आहे. गेल्या चार-पाच वर्षांत भारतात एकामागून एक नियम आल्यामुळे त्याला धार आली आहे. काही नियम ठेवा म्हणतात, काही पुसा म्हणतात, आणि एखादा नियम दोन्ही म्हणतो. ते सारे शेवटी सर्व्हरवरच्या एखाद्या सेटिंगमध्ये उतरतात आणि ते सेटिंग बदलण्याचा अधिकार ज्याच्या हातात असतो, त्याला बहुधा कोणी कायदा समजावून सांगितलेला नसतो.

कागदाची शिस्त

कागदाच्या काळात हा प्रश्न सुटलेला होता, निदान सरकारी कचेऱ्यांत तरी. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत : ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. त्याच्या जोडीला सहा गठ्ठे पद्धत. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. कारकुनाच्या टेबलावर आलेला प्रत्येक कागद आज ना उद्या या सहांपैकी एका गठ्ठ्यात जायचा. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 चा आणि महाराष्ट्राचा 2005 चा. नोंद न ठेवता सरकारी अभिलेख नष्ट करता येत नाही, ही त्यांतली मूळ धारणा.

या पद्धतीत पाळण्यातली ढिलाई पुष्कळ होती. अभिलेख कक्षांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते सांगायला नको. पण एक गोष्ट तिने पक्की केली होती. कागद कोणत्या वर्गात घालायचा हे ठरवणारा अधिकारी वेगळा, तो सांभाळणारा वेगळा, आणि नष्ट करताना यादीवर सही कोणाची हेही ठरलेले.

खासगी कंपन्यांत संगणक आले तेव्हा ही शिस्त सोबत आली नाही. कागद साठला की जागा अडते, म्हणून कोणीतरी तो निवडायला बसत असे. डिस्क दर वर्षी स्वस्त होत गेली आणि निवडायला बसण्याचे कारणच उरले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधल्या कलम 7 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदी नोंदीची बरोबरी दिली, पण अटींसह. नोंद पुढे वाचता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, ती कुठून निघाली, कुठे पोचली, कोणत्या दिवशी व वेळी, हे कळले पाहिजे. मेल प्रिंट काढून फाइलला लावला की झाले, असे मानणाऱ्या कार्यालयांनी या शेवटच्या अटीकडे फारसे पाहिले नाही.

ठेवा म्हणणारे नियम

सर्वांत जुना आणि सर्वांना माहीत असलेला भाग हिशेबाचा. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 128 नुसार हिशेबाची पुस्तके व व्हाउचर आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम 36 मध्ये वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने; आणि अपील किंवा चौकशी चालू असेल, तर तिचा निकाल लागल्यानंतर एक वर्ष किंवा ते 72 महिने, यांतले जे नंतर संपेल ते. करारावरून पैशांच्या दाव्याची मुदत 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षे असल्याने, ज्यांना कुठलाच नियम लागू नाही असे कागदही तीन वर्षे ठेवायची सवय अनेक कार्यालयांत रुजली. बँका व वित्तसंस्थांना ग्राहकाची ओळखपत्रे आणि व्यवहाराच्या नोंदी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली पाच वर्षे सांभाळाव्या लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती कोणी कोणाला दिली याची डिजिटल नोंदवही सेबीच्या नियमांनुसार किमान आठ वर्षे.

इथवर जबाबदारी हिशेबनीस आणि कंपनी सेक्रेटरीची होती. ती ॲडमिनच्या टेबलावर आली दोन बदलांमुळे.

पहिला बदल ऑडिट ट्रेलचा. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतला बदल तारखेसह टिपला गेला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. टॅलीसारख्या प्रणालींत तशा आवृत्त्या आल्या. पण अनेक कंपन्यांत हिशेबाचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असतो आणि ॲडमिनकडे तो थेट उघडायचा अधिकार असतो. समोरून सॉफ्टवेअर बदल टिपते, मागून डेटाबेसमध्ये हात घातला तर काय, हा प्रश्न ऑडिटर विचारू लागले आणि त्याचे उत्तर देणारा माणूस ॲडमिनच होता. त्याच सुमारास, 2022 च्या ऑगस्टमध्ये, हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज घेण्याची अट आली. त्याआधी शब्द होते ‘ठरावीक काळाने’.

दुसरा बदल सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनी कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्था यांच्यावर दोन ठोस बंधने घातली. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि सर्व संगणकीय यंत्रणांचे मागच्या 180 दिवसांचे लॉग सतत सांभाळायचे. लॉग भारताच्या हद्दीत असावेत असे मूळ निर्देशात होते; पुढे प्रसिद्ध झालेल्या प्रश्नोत्तरांत, मागितल्यावर वेळेत देता येत असतील तर बाहेरही ठेवता येतील, अशी सवलत मिळाली. पालन न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. लहान उद्योगांना तयारीसाठी 25 सप्टेंबर 2022 पर्यंत वेळ दिला गेला.

180 दिवस ऐकायला सोपे वाटतात. फायरवॉल, वाय-फाय कंट्रोलर, हजेरीचे यंत्र, मेल सर्व्हर, क्लाउडवरची ॲप्लिकेशन्स, प्रत्येकाचा लॉग वेगळ्या जागी आणि वेगळ्या मुदतीचा. लहान फायरवॉलच्या आतल्या साठ्यात काही दिवसांचेच लॉग मावतात. भरले की जुने आपोआप पुसले जातात आणि कोणाला कळतही नाही. मायक्रोसॉफ्ट 365 च्या साध्या परवान्यात ऑडिट लॉग ऑक्टोबर 2023 पर्यंत फक्त 90 दिवस राहत असे, त्यानंतर तो 180 झाला. म्हणजे निर्देश लागू झाल्यानंतर वर्षभर, वेगळी व्यवस्था न केलेली कितीतरी कार्यालये नकळत नियमाबाहेर होती.

जालन्याचा खटला

डेटा नुसता ठेवून भागत नाही, तो न्यायालयात उभा राहिला पाहिजे. याबाबतचा देशातला आजचा मुख्य निकाल मराठवाड्यातून आला आहे आणि प्रत्येक ॲडमिनने त्याची हकिकत वाचावी असे मला वाटते.

2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिकेत म्हटले की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण. त्याच्या सीडी उच्च न्यायालयात आल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम 65ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतली कबुली पुरेशी मानली आणि 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी अपील फेटाळले, पण कायदा स्पष्ट करून ठेवला. मूळ उपकरणच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. 2014 च्या अन्वर खटल्यातला हा दंडक 2018 मध्ये दुसऱ्या एका निकालाने सैल झाला होता, तो पुन्हा घट्ट झाला. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. सर्व प्रयत्न करूनही मिळालेच नाही, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला दोषी धरता येणार नाही. ‘यंत्र ज्याच्या ताब्यात’ म्हणजे कार्यालयात कोण, तर बहुतेक वेळा आयटी ॲडमिन.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि 65ब ची जागा कलम 63 ने घेतली. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्याच अनुसूचीत आहे. त्याचे दोन भाग : पहिला नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली अक्षर-अंकांची ओळख. एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण बदलते. प्रत काढतानाच हॅश काढून नोंदला असेल, तर दोन वर्षांनी प्रमाणपत्रावर सही करणे सोपे. नसेल, तर ॲडमिन ज्यावर सही करतो ते त्याने स्वतः कधी तपासलेले नसते.

नष्ट करण्याबाबतही तरतूद आहे. न्यायालयात सादर करावा लागेल असा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद त्या हेतूने नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुसा म्हणणारे नियम

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल 2018 मध्ये आला, 2019 चे विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले गेले आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेचा भाग लगेच लागू झाला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

जतनाबाबतचे मुख्य वाक्य कलम 8(7) मध्ये आहे. माणसाने संमती मागे घेतली किंवा ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपले असे मानता येत असेल, तर माहिती पुसायची. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितले असेल तेवढाच अपवाद. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. मोठ्या ई-कॉमर्स, ऑनलाइन गेमिंग आणि समाजमाध्यम कंपन्यांसाठी तीन वर्षांची मर्यादा आणि पुसण्यापूर्वी ग्राहकाला 48 तासांची सूचना, अशी आखणी आहे.

पण याच नियमांत उलट दिशेचाही हुकूम आहे. अनधिकृत वापर शोधता यावा म्हणून लॉग एक वर्ष ठेवायचे. शिवाय सरकारला ठरावीक कारणांसाठी मागता यावेत म्हणून वैयक्तिक डेटा, त्याच्या वहनाची माहिती आणि लॉग प्रक्रिया झाल्यापासून किमान एक वर्ष सांभाळायचे. पुसण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याखालीच ही सक्ती आल्याबद्दल डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला आहे. तपास यंत्रणांच्या बाजूने युक्तिवाद असा की वर्षभराचे लॉग नसतील तर मुरलेला हल्ला उलगडता येत नाही. ॲडमिनपुरता याचा अर्थ सरळ आहे. सर्ट-इनचे 180 दिवस आता तळाची पायरी झाली. वैयक्तिक डेटा असलेल्या यंत्रणांसाठी हिशेब वर्षाचाच धरावा लागेल.

पुणे, मुंबई, नाशिकमधल्या ज्या कंपन्या युरोपीय ग्राहकांचे काम करतात, त्यांच्यासाठी हा विषय 25 मे 2018 पासूनच जुना झाला. युरोपच्या जीडीपीआरमध्ये काम संपल्यावर ग्राहकाचा डेटा पुसणे किंवा परत देणे ही करारातली सक्तीची अट असते. हिंजवडीतला ॲडमिन एकाच आठवड्यात जर्मन ग्राहकाचा सर्व्हर पुसल्याचे पत्र देतो आणि स्वतःच्या कंपनीच्या मेलवर आठ वर्षांचे जतन लावतो. दोन्ही त्याच्या कामाचा भाग आहेत.

बाहेरचे अनुभव

अमेरिकेत या वादाने न्यायालयात आकार घेतला. एन्रॉन कोसळल्यावर 2002 मध्ये तिची ऑडिटर कंपनी आर्थर अँडरसन कागद नष्ट केल्याबद्दल दोषी ठरली. तिथल्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना ‘आपल्या जतन धोरणाची’ आठवण करून दिली होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण धोरणाप्रमाणे कागद नष्ट करणे हा स्वतःहून गुन्हा होत नाही आणि ज्युरीला तो फरक नीट सांगितला गेला नव्हता. पण तोवर कंपनी संपली होती. झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग खटल्यात नष्ट झालेल्या मेलवरून कंपनीविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढायला ज्युरीला परवानगी मिळाली आणि निकाल सुमारे 2.9 कोटी डॉलरचा लागला. तिथून ‘लिटिगेशन होल्ड’ रूढ झाला : वाद दिसू लागताच संबंधित डेटाची आपोआप होणारी पुसापुशी थांबवायची. सप्टेंबर 2022 मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या 16 संस्थांना, कर्मचारी कामाचे बोलणे स्वतःच्या फोनवरच्या संदेशांत करत होते आणि ते जतन होत नव्हते, म्हणून एकूण 110 कोटी डॉलरहून अधिक दंड भरावा लागला.

युरोपचा अनुभव दुसऱ्या बाजूचा. दूरसंचार कंपन्यांना सहा महिने ते दोन वर्षे सर्वांचा डेटा ठेवायला लावणारा 2006 चा युरोपीय निर्देश तिथल्या न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केला. 2020 मध्ये एच अँड एम कंपनीला हॅम्बर्गच्या नियामकाने 3.53 कोटी युरो दंड केला. न्युरेंबर्गच्या केंद्रात वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाबद्दल, घरगुती अडचणींबद्दल नोंदी करून नेटवर्क ड्राइव्हवर साठवल्या होत्या. सेटिंगमधल्या चुकीमुळे त्या काही तास सगळ्या कंपनीला दिसल्या, तेव्हा प्रकरण उघड झाले.

तीन भूमिका

आज या क्षेत्रातली माणसे ढोबळपणे तीन बाजूंनी बोलतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

हिशेबतपासनीस, वकील आणि तपास अधिकारी जास्त काळ ठेवण्याच्या बाजूचे. त्यांचा अनुभव असा की वाद कधी उभा राहील हे आधी कळत नाही आणि नोंद नसलेला पक्ष बचाव करू शकत नाही. कामगारांच्या बाजूनेही हा मुद्दा खरा आहे. ओव्हरटाइमची थकबाकी किंवा छळाची तक्रार सिद्ध करायला हजेरीच्या आणि मेलच्या जुन्या नोंदीच कामी येतात. पुसण्याची घाई बहुधा बलवान पक्षाच्या सोयीची ठरते, असे ते म्हणतात.

खासगीपणाची बाजू मांडणारे म्हणतात की साठवलेली प्रत्येक नोंद ही पुढच्या गळतीची सामग्री आहे आणि तिची किंमत मोजतो तो ज्याची माहिती आहे तो माणूस. नोकरी न मिळालेल्या उमेदवाराची जन्मतारीख, पत्ता आणि पगाराची स्लिप कंपनीकडे सात वर्षे असण्याचे कारण काय, याला समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते.

तिसरी भूमिका यंत्रणा चालवणाऱ्यांची. त्यांना तत्त्वापेक्षा अंमलबजावणी छळते. नियम ‘पुस्तके’, ‘नोंदी’, ‘वैयक्तिक डेटा’ अशा वर्गांत बोलतात, सर्व्हरवर मात्र मेलबॉक्स, फोल्डर आणि डेटाबेसचे तक्ते असतात. एकाच मेलमध्ये बिल असते, ते आठ वर्षे ठेवायचे. आणि त्याच मेलमध्ये ग्राहकाच्या आईच्या आजारपणाचा उल्लेख असतो. वर्ग कसे पाडायचे?

यंत्राची बाजू

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुष्कळ घोटाळे त्यातून होतात. बॅकअप आणि अर्काइव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकअप यंत्रणा कोसळल्यावर परत उभी करण्यासाठी असतो. त्यात कालची स्थिती जशीच्या तशी असते आणि तो महिना-दोन महिन्यांत फिरत राहतो. अर्काइव्ह नोंद शोधून काढण्यासाठी असतो. त्याला मुदत, वर्ग आणि शोधाची सोय हवी. ‘आपण बॅकअप घेतो’ या उत्तरावर जतनाची चौकशी संपवणारी कार्यालये नोटीस आल्यावर अडकतात, कारण तीन वर्षांपूर्वीच्या एका मेलसाठी टेप शोधून संपूर्ण सर्व्हर उभा करावा लागतो.

उलट बाजूने बॅकअप पुसण्याच्या आड येतो. रॅन्समवेअरपासून वाचण्यासाठी आता बदलता न येणारे बॅकअप घेतले जातात. ठरलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही ते पुसता येत नाहीत. एखाद्याने आपली माहिती पुसायला सांगितली तर ती चालू यंत्रणेतून जाते, पण बॅकअपमध्ये राहते. रूढ होत चाललेला मार्ग असा की बॅकअपची मुदत छोटी ठेवायची, पुसलेल्यांची वेगळी यादी करायची आणि बॅकअप परत उभा केला तर त्या यादीप्रमाणे पुन्हा पुसायचे. सुरक्षा आणि खासगीपण दोन्ही सांभाळणारा याहून बरा तोडगा सध्या माझ्या पाहण्यात नाही.

भंगारात जाणाऱ्या डिस्कचाही विचार हवा. जुन्या हार्ड डिस्कवर चुंबकीय यंत्र फिरवले की काम होते. एसएसडीवर त्याचा उपयोग नाही, तिथे उत्पादकाची पुसण्याची आज्ञा किंवा एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट करणे हा मार्ग. लॅपटॉप भंगारवाल्याला देताना अनुक्रमांक, पुसण्याची पद्धत आणि तारीख असलेली एक ओळ वहीत असली, तरी पुष्कळ काम झाले.

न सुटलेले प्रश्न

काही प्रश्न खरोखरच अधांतरी आहेत.

पहिला कर्मचाऱ्यांच्या माहितीचा. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणांसाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरता येते. पण कलम 8(7) मधली पुसण्याची अट ‘निर्दिष्ट कारणा’ला जोडलेली आहे आणि त्या शब्दाची व्याख्या संमतीच्या सूचनेला. जिथे सूचनाच द्यावी लागत नाही, तिथे पुसण्याचा दिवस कोणता? वकील यावर वेगवेगळे सांगतात. नोकरी न मिळालेला उमेदवार ‘नोकरीच्या कारणां’त बसतो का, हाही त्यातलाच उपप्रश्न.

दुसरा, वाद दिसू लागल्यावर जतन करण्याच्या कर्तव्याचा. अमेरिकेसारखा सविस्तर नियम भारतात नाही. जीएसटीतली अपिलाची तरतूद, कलम 241 चा धाक आणि न्यायालयाचे वेळोवेळचे आदेश यांतून अंदाज बांधावा लागतो. एका ठिकाणी मात्र आकडा आहे : पोलीस ठाण्यांतले सीसीटीव्ही चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले. कारखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला असा कोणताही सर्वसाधारण आकडा नाही. तिथे डीव्हीआरची डिस्क भरली की जुने चित्रण जाते, हाच नियम.

तिसरा, व्हॉट्सॲपचा. आपल्याकडे दर ठरतात व्हॉट्सॲपवर, सुट्टी मंजूर होते व्हॉट्सॲपवर आणि साहेबांचा होकार येतो तो अंगठ्याच्या चित्राने. फोन कर्मचाऱ्याचा, नंबर त्याचा आणि निर्णय कंपनीचा. यावर बंदी घालणारी परिपत्रके निघतात. ती पाळली जात नाहीत. त्यातच आता मीटिंगचे आपोआप लिहिले जाणारे वृत्तांत आले आहेत. पूर्वी हवेत विरणारे बोलणे आता शोधता येणारी नोंद झाले आहे आणि त्याची मुदत किती, हे फार थोड्या कार्यालयांनी ठरवले आहे.

चौथा, तज्ज्ञ कोण. साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ सरकारने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतलाच हवा, की जाणकार कोणीही चालेल? लहान गावातल्या दिवाणी दाव्यात या उत्तरावर पुरावा आत येतो की बाहेर राहतो, हे ठरते.

ॲडमिनच्या हातात काय

या साऱ्यातून माझे मत असे झाले आहे की जतनाचा निर्णय ॲडमिनने घेऊ नये आणि त्याच्यावर ढकलूही नये. त्याने मुदतींचा एक तक्ता मांडावा : कोणता डेटा, कुठे आहे, कोणत्या कायद्याने किती काळ, सध्या सेटिंग काय, मुदत संपल्यावर काय होईल. दोन-तीन पानांत हे बसते. त्यावर कायदा पाहणारा, हिशेब पाहणारा आणि संचालक अशा तिघांची सही घ्यावी. वाद आला तर पुसणे कोणाच्या सांगण्यावरून थांबेल आणि कोणाच्या लेखी परवानगीने परत सुरू होईल, हेही त्यातच लिहावे. कर्मचारी सोडून जाताना खाते बंद करण्याच्या मेलमध्ये एक प्रश्न असावा : याच्या मेलबॉक्सचे काय करायचे? उत्तर लेखी आले पाहिजे. आणि कर्मचाऱ्यांना, त्यांच्याबद्दल काय व किती काळ साठवले जाते, हे आधी सांगितले पाहिजे. बर्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया खटल्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2017 मध्ये, पूर्वसूचनेशिवाय कर्मचाऱ्याचे संदेश तपासणे मान्य केले नाही. आपल्याकडेही ही किमान माणुसकीची अपेक्षा मानायला हरकत नसावी.

नियमांत दिलेली अठरा महिन्यांची मुदत मे 2027 मध्ये संपते. मालकांना आणि संचालकांना एवढीच विनंती आहे की तोपर्यंत आपल्या ॲडमिनला एकदा समोर बसवून विचारा, आज रात्री आपल्या सर्व्हरवरून काय आपोआप पुसले जाणार आहे आणि काय कधीच पुसले जाणार नाही. त्याला उत्तर देता येईल. त्या उत्तरावर सही मात्र तुमची लागेल.